वऱ्हाडातून बरोटला: ट्राउटच्या पाण्याकडे

उन्हाळी सहलीचा बेत वऱ्हाडात साधारण ठरलेल्या क्रमाने होतो. मुलांची सुट्टी कधी लागते ते पाहायचे, मग रेल्वेचे आरक्षण, मग मुक्कामाची खोली. गळ टाकायला जायचे असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. मासा कधी खातो, अंडी कधी घालतो, पाणी कधी चढते आणि कधी निवळते, त्या पाण्यात गळ टाकायची परवानगी कोणत्या महिन्यांत असते, हे सगळे आधी. आपली सुट्टी त्यानंतर. ज्यांना हा क्रम पाळणे शक्य नाही त्यांनी डोंगर बघायला जरूर जावे, पण गळ घरी ठेवावा.

उत्तरेकडच्या आडवाटेच्या तळ्यावर मुक्काम ठोकून मासेमारी करायची, ही हौस जगात जुनी आहे. कॅनडाच्या उत्तर भागात अशी कितीतरी तळी आहेत की जिथे रस्ताच जात नाही. पाण्यावर उतरणारे छोटे विमान माणसांना आणि सामानाला तळ्याकाठच्या लाकडी लॉजवर सोडते आणि ठरल्या दिवशी परत न्यायला येते. विमानात किती वजन चढवायचे याला मर्यादा असते, म्हणून तिथला बेत किलोच्या हिशेबाने करतात. आपल्याकडे इतक्या टोकाला जायची गरज नाही, पण उत्तरेला थंड पाणी आहे, त्यात मासा आहे आणि काठावर मुक्कामाची सोयही आहे. काश्मीरात नारानागवरून दोन दिवसांच्या चढणीनंतर गंगाबल तळे लागते. तिथे तंबू आपला आपण न्यायचा. उत्तराखंडात उत्तरकाशीच्या वर दोडीताल आहे. संगमचट्टीपासून वीसेक किलोमीटर पायी. अकोला-अमरावतीहून पहिल्यांदाच जाणाऱ्याला मात्र मी या दोन्हींऐवजी हिमाचल प्रदेशातल्या मंडी जिल्ह्यातले बरोट सुचवीन. तिथे नदी आहे, नदीवर बांधलेला छोटा जलाशय आहे, ट्राउट आहे, सरकारी विश्रामगृहे आणि घरगुती मुक्कामाच्या खोल्या आहेत, आणि एसटीसारखी साधी बस दारापर्यंत जाते.

आधी घरचे पाणी

हात बसायला हवा तो घरीच. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ अप्पर वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर म्हणतात. अकोल्याच्या बाजूला वान आहे, काटेपूर्णा आहे, शिवाय गावोगावचे लघुसिंचन तलाव आहेत. या पाण्यात रोहू, कटला, मृगळ हे सोडलेले मासे, आणि मरळ, वाम, शिंगाळा हे मूळचे. मोठ्या जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेला असतो. तेव्हा काठावर बसण्यापूर्वी संस्थेच्या माणसाला विचारणे हा शिष्टाचार तर आहेच, पण तो त्यांच्या पोटाचा हक्कही आहे. काटेपूर्णा जलाशयाभोवती अभयारण्य आहे; तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय उतरू नये.

मेळघाटाचा विषय इथेच संपवून टाकतो, कारण दरवर्षी कुणी ना कुणी विचारतेच. सिपना, खापरा, गाडगा, डोलार या नद्या मेळघाटातून तापीकडे जातात. कोलकासच्या विश्रामगृहाखालून वाहणारी सिपना पाहिली की गळाची हौस असलेल्याचा हात शिवशिवतोच. पण हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे, आणि तिथला मासा वाघासारखाच संरक्षित आहे. उन्हाळ्यात या नद्यांची धार तुटते, उरतात फक्त डोह. पावसाळ्यात नदीभर पसरणारे सगळे मासे त्या काही डोहांत कोंडलेले असतात. एक डोह उपसला किंवा त्यात विष कालवले, तर मैलभर नदीचे पुढच्या वर्षीचे बियाणे संपते. म्हणून मेळघाटात गळ न्यायचा नाही. यात सवलत मागायचीही नाही.

अप्पर वर्ध्याच्या काठावर भोई समाजातल्या जाणत्या माणसाशेजारी बसून जे शिकायला मिळते ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. पहिल्या पावसानंतर पाणी तांबडे झाले की तो गरी गुंडाळून ठेवतो. “पाह्य ना भाऊ, पाणी कसं लालेलाल झालं. मासोयीले तं घासच दिसत नाई,” एवढ्यात तो सगळे सांगतो. हिमाचलातही नेमका हाच नियम लागू आहे, फक्त तिथे पाणी पावसाबरोबर बर्फानेही गढूळ होते.

थंड पाण्याचा मासा

ट्राउटला थंडी आवडते असे म्हणतात. खरे तर त्याला हवा असतो प्राणवायू, आणि तो थंड पाण्यात जास्त विरघळतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. आपला मरळ साडेसातच्याही खाली निभावतो, कारण तो पाण्यावर तोंड काढून थेट हवा घेऊ शकतो. उन्हाळ्यात आटत्या तलावाच्या चिखलातही तो तग धरतो तो यामुळेच. ट्राउटकडे ही सोय नाही. पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याचे खाणे मंदावते आणि पंचविशीच्या आसपास जिवावर बेतते. वऱ्हाडात पारा ४५ ओलांडतो तेव्हा आपल्या तलावांचे वरचे पाणी या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेले असते. सातपुड्यात ट्राउट का नाही, याचे उत्तर एवढेच.

उंचीचा एक हिशेब मात्र लक्षात ठेवावा. बरोट साधारण १,८०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने पाचव्या हिश्शाने कमी, म्हणून पाण्यातला प्राणवायूही तितकाच कमी. १० अंशांच्या पाण्यात ११.३ ऐवजी ९ मिलिग्रॅमच्या आसपास. ट्राउटला तेवढा पुरतो, पण पाणी थोडे जरी तापले तरी तो लगेच खळखळत्या धारेकडे सरकतो, कारण दगडांवर आपटणारे पाणी हवा मिसळून घेते. दुपारी मासा कुठे शोधायचा ते यावरून ठरते.

हा मासा हिमालयातला नाही. भारतात मिळणारे दोन प्रकार म्हणजे ब्राउन ट्राउट, शास्त्रीय नाव साल्मो ट्रुटा, मूळ युरोपातला. आणि रेनबो ट्राउट, ऑन्कोऱ्हिंकस मायकिस, मूळ उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. काश्मीरच्या महाराजांसाठी ड्यूक ऑफ बेडफर्डने १८९९ मध्ये ब्राउन ट्राउटची अंडी पाठवली. ती वाटेतच मेली. १९०० मध्ये पाठवलेली दुसरी खेप जिवंत पोचली. फ्रँक मिचेल नावाच्या गालिचे कारखानदाराने या अंड्यांची देखभाल केली, आणि पुढे हारवानला उबवणी केंद्र झाले. कुलूचे अधिकारी जी. सी. एल. हॉवेल यांनी काश्मीरहून अंडी आणून १९०९ मध्ये माहिलीला केंद्र उभे केले. तिथून ट्राउट बियासच्या खोऱ्यात पसरला.

जहाजातून आणि मग खेचरांवरून अंडी जिवंत आली कशी? ट्राउटचे अंडे उबायला लागणारा काळ दिवसांत मोजत नाहीत, दिवस गुणिले तापमान असा मोजतात. ब्राउन ट्राउटला साधारण चारशेहून थोडे जास्त ‘अंश-दिवस’ लागतात. पाणी १० अंशांचे असेल तर चाळीस-बेचाळीस दिवस, ५ अंशांचे असेल तर त्याच्या जवळपास दुप्पट. शेवाळात गुंडाळून बर्फावर ठेवलेल्या अंड्यांचा काळ जणू थांबतो. त्यात अंड्यामध्ये पिलाच्या डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागले की ते धक्के सोसू शकते. त्याआधी हलवले तर मरते. या दोन गोष्टी कळल्या म्हणून हा मासा अर्धे जग ओलांडून आला.

त्याच्या येण्याची किंमतही पडली आहे. हिमालयातल्या प्रवाहांचा मूळ मासा असला. त्याला स्नो ट्राउट म्हणत असले तरी तो ट्राउटच्या कुळातला नाही, आपल्या रोहूच्या कुळातला आहे. ब्राउन ट्राउट मांसाहारी, त्यामुळे जिथे तो जम बसवतो तिथे असल्याची पिले त्याच्या तोंडी जातात. म्हणून गळाला असला लागला तर तो पाण्यात सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे, परवाना काहीही म्हणो.

बरोट म्हणजे काय

धौलाधारच्या थमसर खिंडीकडून ऊहल नदी निघते, बरोटला तिला लंबाडाग मिळते, आणि पुढे ती मंडीच्या वरच्या अंगाला बियासमध्ये जाते. बरोटला ही नदी अडवली आहे ती विजेसाठी. कर्नल बॅटी या अभियंत्याची ही योजना. मंडीचे राजे जोगिंदर सेन यांच्याशी १९२५ मध्ये ९९ वर्षांचा करार झाला. बरोटचे पाणी बोगद्याने डोंगरापलीकडे नेऊन तिथून खाली शानन वीजगृहावर सोडायचे, अशी रचना होती. वीजगृह १९३२ मध्ये सुरू झाले. त्याच्या पायथ्याच्या सुक्राहट्टी गावाला राजाच्या नावावरून जोगिंदरनगर म्हणू लागले.

वऱ्हाडातल्या वाचकाला इथे एक ओळखीची गोष्ट भेटते. या प्रकल्पाची अवजड यंत्रे नेण्यासाठी पठाणकोट ते जोगिंदरनगर अशी १६४ किलोमीटरची अरुंद लोहमार्गी रेल्वे टाकली, ती १९२९ मध्ये सुरू झाली. तिच्या रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर. आपल्या मूर्तिजापूरच्या शकुंतलेचे अंतरही हेच. शकुंतला कापसासाठी टाकली होती आणि आज तिचे रूळ गवतात आहेत. पठाणकोट-जोगिंदरनगर गाडीही ऑगस्ट २०२२ मध्ये चक्की नदीवरचा पूल कोसळल्यापासून विस्कळीत झाली. त्या गाडीने जायचा मोह होईल, आणि ती धावत असेल तर जावेच, पण बेत तिच्यावर उभा करू नये.

बरोटचा जलाशय पाहून अप्पर वर्धा पाहिलेला माणूस विचारील, एवढेसेच? हो, एवढेसेच. रोजच्या विजेसाठी पाणी साठवायचे, म्हणून हा साठा लहान. पण लहान असल्याचाच फायदा आहे. नदी जलाशयात जिथे शिरते ती जागा पायी गाठता येते, आणि मासा असतो तो बहुतेक तिथेच. पाण्याचा वेग तिथे एकदम कमी होतो, वाहत आलेले किडे खाली बसायला लागतात, आणि ट्राउट त्या सीमारेषेवर तोंड धारेकडे करून उभा राहतो. नदीवर खालच्या अंगाला लुहांडी, टिक्कर आणि थेट कमांदपर्यंत गळ टाकायच्या ठरलेल्या पट्ट्या आहेत. कमांदला आता मंडीच्या आयआयटीचे आवार आहे. मत्स्यखात्याचे ट्राउट फार्म बरोटलाच आहे; परवान्याची चौकशी तिथे करावी. परवाना रोजच्या हिशेबाने मिळतो. किती मासे ठेवता येतात आणि किमान किती लांबीचा ठेवता येतो, तेही विचारून घ्यावे आणि कागद खिशात ठेवावा.

जोगिंदरनगरहून काही किलोमीटरवर मच्छयाल नावाची जागा आहे. तिथे मच्छिंद्र देवाच्या मंदिराशेजारच्या डोहात महसीर पाळले आहेत. भाविक त्यांना कणकेच्या गोळ्या घालतात आणि कुणी गळ टाकत नाही. आपल्याकडे महाडजवळ वाळण कोंडीत आणि वैतरणेवर तिळसे इथे मंदिराच्या आश्रयाने महसीर असेच राखले गेले आहेत. बरोटला जाताना अर्धा तास मच्छयालला थांबावे. मोठा मासा पाण्यात कसा वळतो, वरून पडणाऱ्या घासाकडे कसा येतो, पायाच्या धक्क्याने कसा बाजूला होतो, हे नुसत्या डोळ्यांनी बघायला मिळते.

तारखा

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. या काळात ब्राउन ट्राउट वाळू-गोट्यांच्या उथळ पात्रात अंडी घालतो, आणि ती अंडी थंड पाण्यात दोन-तीन महिने तशीच असतात. त्या दिवसांत पात्रात नुसते पाय ठेवले तरी ती चिरडतात. बंदी नुसत्या कागदावरची नाही, तिच्यामागे हे कारण आहे.

उरले मार्च ते ऑक्टोबर. त्यातले जुलै-ऑगस्ट पूर्णपणे सोडून द्यावेत. पाणी गढूळ असते ही त्यातली छोटी अडचण. मोठी अडचण म्हणजे डोंगर खाली येतो. २०२३ च्या पावसाळ्यात मंडी-कुलूचे रस्ते जागोजागी वाहून गेले. २०२४ मध्ये जुलै संपता संपता याच चौहार खोऱ्यात, बरोटच्या वाटेवरच्या टिक्कनजवळच्या राजबन गावावर ढगफुटीत डोंगर कोसळला, आणि झोपेतली माणसे गेली. पावसाळ्यात ‘स्वस्त दरात खोली मिळते’ म्हणून तिकडे जाणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, जाऊ नका.

मग दोनच खिडक्या राहतात. पहिली मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिल. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ही सोयीची: तूर निघून गेलेली, गहू-हरभरा घरात आलेला, आणि खरिपाच्या मशागतीला अजून अवकाश. नदीचे पाणी कमी आणि स्वच्छ असते, आणि हिवाळाभर अर्धपोटी राहिलेला मासा अधाशी असतो. एप्रिल सरता सरता बर्फ वितळू लागते. तेव्हा पाण्याला रोजची भरती-ओहोटी येते: वर दुपारी वितळलेले बर्फ संध्याकाळपर्यंत खाली पोचते, नदी चढते आणि पांढुरकी होते, रात्री वितळणे थांबते, म्हणून पहाटे ती पुन्हा उतरलेली आणि निवळलेली मिळते. त्यामुळे एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात मासेमारी सकाळी दहापर्यंत आटोपायची. मुलांना घेऊन जायचे असेल तर मेशिवाय इलाज नाही. तेव्हा सकाळ गळाला आणि बाकीचा दिवस मुलांना, अशी वाटणी करावी. तक्रारीला जागा राहत नाही.

दुसरी खिडकी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ३१ ऑक्टोबरपर्यंत. मासेमारीच्या दृष्टीने हीच उत्तम. पाऊस मागे फिरलेला असतो, पाणी काचेसारखे, आणि ब्राउन ट्राउट अंडी घालण्यासाठी वरच्या अंगाला सरकू लागलेला. पण आपल्याकडे याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी असते, मग कपाशीची सीतादही आणि पाठोपाठ दिवाळी. शेतीवाल्याला हे जमणे कठीण. नोकरदाराने मात्र दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात येते का ते वर्षाच्या सुरुवातीलाच पाहून ठेवावे.

प्रवासाची बाजू सोपी आहे. भुसावळला पुण्याहून जम्मूकडे जाणारी झेलम एक्स्प्रेस मिळते, ती पठाणकोट छावणीला उतरवते. तिथून रस्त्याने जोगिंदरनगर, घटासनी आणि घटासनीला मुख्य रस्ता सोडून झटिंगरीवरून बरोट. किंवा अकोल्याहून भुसावळ, बडनेऱ्याहून नागपूर गाठून दिल्लीची गाडी धरायची, दिल्लीहून मनालीकडे जाणाऱ्या रात्रीच्या बसने मंडीला उतरायचे, आणि मंडीहून पधर-घटासनीमार्गे बरोट. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघायचे तर फेब्रुवारी उजाडताच जागे राहावे. जाताना एक आणि येताना एक दिवस मोकळा ठेवावा. डोंगरात दरड पडली की रस्ता कधी उघडेल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि परतीच्या गाडीच्या धास्तीने रात्री घाटात गाडी हाकायला लावणे हा सहलीतला सर्वात वाईट निर्णय असतो.

काठावर

सामान थोडेच लागते. सहा-सात फुटांचा हलका स्पिनिंग रॉड, लहान रील, चार ते आठ पौंडांची नायलॉनची दोरी, आणि एक ते तीन नंबरचे काही स्पिनर. स्पिनर म्हणजे पाण्यातून ओढताना फिरणारी धातूची पाकळी. तिच्या लकाकीला मासा छोटा मासा समजून धावतो. फ्लाय, म्हणजे पिसे आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी, शिकायची असेल तर रॉड साडेआठ-नऊ फुटांचा घ्यावा. या प्रकारात वजन गळाला नसते, दोरीला असते. म्हणून हाताच्या झटक्याने दोरी मागे-पुढे उलगडावी लागते. ही कला अप्पर वर्ध्याच्या मोकळ्या काठावर आधी गळाशिवाय घोटून घ्यावी. ऊहलच्या काठावर झाडे आहेत, आणि तिथे पहिला धडा घ्यायला गेलेल्याचा अर्धा दिवस फांदीतून दोरी सोडवण्यात जातो.

चष्मा मात्र विसरू नये. ध्रुवित काचांचा चष्मा पाण्यावरची चमक कापतो, आणि एकाएकी तळाचे गोटे, त्यांच्यावरची सावली, सावलीखालचा मासा दिसू लागतो.

गळ बांधण्याआधी गुडघाभर पाण्यातला एक चपटा दगड उलटून पाहावा. त्याच्या खालच्या अंगाला बोटाच्या पेराएवढ्या बारीक नळ्या चिकटलेल्या दिसतील. काही वाळूच्या कणांच्या, काही काटक्यांच्या तुकड्यांच्या, आणि कण इतके नीट जुळवलेले की गवंड्याने तोंडात बोट घालावे. हळूच टोक दाबले की आतून अळीचे डोके बाहेर येते. ही कॅडिस माशीची अळी; तोंडातल्या रेशमाने ती आपले घर शिवते. शेजारी तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या धावताना दिसतील, त्या मेफ्लायच्या. ट्राउटचे बरेचसे जेवण हेच आहे. नळ्या गडद असतील तर गडद माशी बांधायची, अळ्या लहान असतील तर लहान. दगड मग होता तसाच पालथा घालून ठेवायचा, कारण उताणा दगड म्हणजे त्या सगळ्यांचे मरण.

ट्राउट धारेकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याच्याकडे मागून, खालच्या अंगाने जावे. पाय आपटू नये. काठाचा धक्का पाण्यातून त्याच्या अंगावरच्या संवेदनरेषेला कळतो. भडक सदरा घालू नये. मासा लागला की फार दमवू नये. सोडायचा असेल तर आधी हात पाण्यात बुडवून ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि त्या जागी बुरशी धरून मासा पुढे मरतो. आपण सोडून दिला म्हणून समाधानात असतो, तो मात्र आठवड्याने मेलेला असतो. काटा उलट्या दाताचा नसलेला वापरावा, किंवा असलेला दात पक्कडीने दाबून टाकावा. मासा धारेकडे तोंड करून पाण्यातच धरावा आणि त्याने स्वतःहून शेपूट मारली की सोडावा.

ठेवलाच तर त्याच दिवशी खावा. वऱ्हाडी हाताला रस्सा सुचतो, पण ट्राउटचे मांस नाजूक असते. आपला काळा मसाला त्याची चव राहू देत नाही. मीठ, हळद, थोडे लोणी आणि तवा, एवढे पुरे. गळाला काही लागले नाही तर ट्राउट फार्मवर विकत मिळतो का ते पाहावे, आणि तोही नसेल तर बरोटचा राजमा आहेच. त्या खोऱ्यातला राजमा हिमाचलभर नावाजलेला आहे.

आता सर्वात महत्त्वाचे. ही विजेची नदी आहे. धरणाचे दार उघडले की खालचे पात्र काही मिनिटांत भरते, आणि आभाळ निरभ्र असताना भरते. ८ जून २०१४ रोजी याच मंडी जिल्ह्यात थलौटजवळ बियासच्या पात्रातल्या खडकांवर हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी उभे होते. वरच्या लारजी प्रकल्पातून पाणी सोडले गेले. २४ विद्यार्थी वाहून गेले. म्हणून धरणाच्या खालच्या अंगाला पात्राच्या मधल्या खडकावर कधीही चढू नये, मग पाणी कितीही शांत दिसो. गोट्यांवर ओलेपणाची रेघ जिथवर आहे तिथवर पाणी नुकतेच येऊन गेले आहे असे समजावे. भोंगा वाजला, पाण्यात अचानक पालापाचोळा दिसू लागला किंवा आवाज बदलला, तर सामान तिथेच टाकून वर यावे. पाण्याचे तापमान दहा अंशांच्या आसपास असते. पट्टीचा पोहणाराही त्यात थोड्याच वेळात हातपाय गमावतो. पूर्णेत किंवा वर्धेत पोहायला शिकलेल्याने त्या जोरावर इथे पाण्यात शिरू नये.

एप्रिलात अकोल्याहून सुती सदऱ्यात निघालेल्याला बरोटच्या रात्री लोकरीचे कपडे लागतात, आणि ओल्या बुटांना दुसरा जोड. खोली ठरवताना गरम पाण्यापेक्षा बूट वाळवायला जागा आहे का, हे आधी विचारावे.

परतल्यावर एक काम राहते. बूट, जाळी, दोरी या सगळ्यावरून नदीचे पाणी, शेवाळ, माशांच्या रोगांचे जंतू आपण सोबत आणलेले असतात. सगळे साबणाने धुऊन वऱ्हाडातल्या खणखणीत उन्हात चार-पाच दिवस वाळू द्यावे, शिवणीतली ओलही जाईपर्यंत. त्यानंतरच ती दोरी सिंभोऱ्याच्या पाण्यात टाकावी.